मुकादम सरांच्या खिडक्या

"पण का, सर? नीट लागलेल्या खिडक्या तुम्ही रोज विस्कटता कशाला?"

पडद्यावरची एक काळी खिडकी मुकादम सरांनी माऊसनं धरली, सावकाश खाली ओढली आणि दुसरीच्या अंगावर अर्धी चढवून सोडून दिली. मान तिरकी करून बघितलं. आणखी थोडी डावीकडे सरकवली.

"सर..."

"ऐकतोय," सर म्हणाले, आणि पुढची खिडकी धरली.

मागे शलाका चौगुले उभी होती. तिनं फार मन लावून केलेलं काम रोज सकाळी तिच्या डोळ्यांदेखत असं मोडलं जात होतं.

धरणाच्या वरच्या सड्यावर, डोंगराच्या सपाट माथ्यावर, भूकंपमापनाचं ते छोटं केंद्र होतं. एक खोली, एक मोठा पडदा, बाहेर वाऱ्यानं वाकलेली दोन झाडं. धरणाभोवतीच्या दूरदूरच्या गावांत जमिनीखाली यंत्रं पुरलेली होती. कुठं शाळेच्या मागं, कुठं देवळाच्या आवारात, कुठं दर्ग्याच्या कुंपणाशी. प्रत्येक यंत्राची पडद्यावर एक टर्मिनलची, म्हणजे नुसत्या अक्षरांची, काळी खिडकी. खिडकीत क्षणाक्षणाला एक ओळ उमटायची. जमीन शांत असली तर ओळीत एखादाच तारा. हलली की ताऱ्यांची रांग लांबायची. हा प्रोग्रॅम सरांनीच तरुणपणी लिहिला होता. त्याला ना रंग होता ना आवाज.

शलाका पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीतून इथं आली होती. तिथं तिचं नाव होतं. जे काम चार माणसं हातानं करायची ते ती एका स्क्रिप्टमध्ये बसवून मोकळी व्हायची. व्यवस्थित लावणं हा तिचा स्वभावच होता. इचलकरंजीच्या घरी आईचे मसाल्याचे डबेसुद्धा तिनं एकदा अक्षरांच्या क्रमानं लावून टाकले होते. आई पुढं कितीतरी दिवस जिरं शोधत होती.

नोकरी सोडली ती मुकादम सरांसाठी. तिनं ऐकलं होतं, हा माणूस नुसता पडद्याकडे बघून सांगतो की जमीन कुठं हलली. आकडेमोड नंतर होते आणि तेच सांगते.

ती विद्या तिला हवी होती.

पावसाळा गेला, थंडीही सरत आली. सरांनी तिला काहीच शिकवलं नाही. विचारलं की म्हणायचे, "बघ."

"काय बघू?"

"दिसेल ते."

दिसायचा तो पसारा. खिडक्या एकमेकींवर चढलेल्या, एक लांब कोपऱ्यात एकटीच पडलेली, मधे उगाच मोकळी जागा. शेवटी तिनं एक स्क्रिप्ट लिहिली. सकाळी यंत्रणा सुरू झाली की साऱ्या खिडक्या आपोआप उघडायच्या. सारख्या मापाच्या, कडेला कड लावून, गावांच्या नावांच्या अक्षरक्रमानं. एक अधिकारी पाहणीला आले तेव्हा म्हणाले, "आता कसं, केंद्रात आल्यासारखं वाटतंय."

सरही म्हणाले, "छान केलंस."

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माऊस हातात घेऊन सगळं हलवत बसले.

रोज का विस्कटता, या प्रश्नाला त्या सकाळी उत्तर मिळालं नाही तेव्हा शलाकानं दुसरी स्क्रिप्ट लिहिली. ही पहारा द्यायची. कुणी खिडकी जागची हलवली की दुसऱ्या क्षणी ती उचलून मूळ चौकटीत नेऊन ठेवायची.

सर आले. चष्मा पुसला. काळवंड नावाच्या गावाची खिडकी धरून खालच्या कोपऱ्यात नेली आणि सोडली.

खिडकी टुणकन आपल्या जागी परत.

सरांनी ती पुन्हा नेली. ती पुन्हा परत गेली.

"हिला घरी जायची घाई दिसते," सर म्हणाले.

शलाकाला हसू आवरलं नाही. "आता तुम्हाला त्रास घ्यायला नको, सर. काही हललं तरी आपोआप जागेवर येतं."

सरांनी माऊसवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

"काही हललं तरी..." ते हळूच म्हणाले. एवढंच.

त्यानंतर त्यांनी माऊसला हात लावला नाही. तिच्या चौकटीपुढं ते रोज बसत. तिला वाटलं, आपण जिंकलो. पण जिंकल्यावर वाटायला हवा तो आनंद काही केल्या येईना. सर पूर्वीसारखे पुढं झुकून बसत नव्हते. परक्याच्या घरी बसावं तसे पाठ टेकून बसत.

होळीच्या आधीचे दिवस होते. दुपारी सर पलीकडच्या खोलीत नमाजाला गेले होते आणि शलाका डबा उघडत होती. पडद्यावर काहीतरी हललं म्हणून तिनं वर पाहिलं.

तिसऱ्या रांगेतली एक खिडकी ताऱ्यांनी भरली होती.

मग पहिल्या रांगेतली. मग अगदी शेवटची. मग मधल्या दोन. कुठंही, कशीही. बघता बघता सगळा पडदा पांढरा होत गेला.

नियम तिला पाठ होता. बरीच यंत्रं एकदम हलली की धरणाला फोन करायचा. मग धरणावरचा भोंगा वाजतो. धरणाच्या पोटातल्या बोगद्यात काम करणारी माणसं बाहेर धावतात. खालच्या गावांतली माणसं लेकरं, म्हातारी उचलून डोंगर चढू लागतात. वाटा अरुंद, एका बाजूला दरी. खरा भूकंप असेल तर ती पळापळ जीव वाचवते. नसेल तर...

तिनं फोनचा रिसीव्हर उचलला.

"ठेव."

सर दारात उभे होते. हातात अर्धवट घडी केलेली जानमाज, नमाजाची चटई.

"सर, सगळीकडे हलतंय."

"कुठून कुठं?"

"सगळीकडे."

"सगळीकडे असं काही नसतं, बाळा. कुठून कुठं?"

तिनं पडद्याकडे पाहिलं. अक्षरक्रमानं लावलेल्या खिडक्या. आधी कोणती भरली, नंतर कोणती, काही म्हणजे काही लागत नव्हतं. पावसात पत्रा वाजावा तसं नुसतं तडतडत होतं.

सर खुर्चीत बसले. काळवंडची खिडकी धरली, खालच्या उजव्या कोपऱ्याकडे ओढली.

ती उडी मारून परत गेली.

सरांनी शलाकाकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. ते नुसते थांबले होते, दार अडवून उभ्या असलेल्या माणसासमोर थांबावं तसे.

ती कीबोर्डवर वाकली. आज्ञा एकदा चुकली, पुन्हा टाईप केली. पहारा देणारी स्क्रिप्ट बंद पडली.

मग सरांचे हात चालू लागले. तिनं ते इतके भरभर चालताना कधी पाहिले नव्हते. एक खिडकी वर, एक डावीकडे, दोन एकमेकींवर, एक लांब कोपऱ्यात एकटी. न अडखळता, न शोधता. ताटात पदार्थ वाढताना घरच्या बाईचा हात जसा आपोआप जातो तसा.

पहिला धक्का ओसरत आला होता. तारे आखडू लागले होते.

फोन वाजला. सरांनी उचलला, ऐकलं, आणि रिसीव्हर तिच्या हातात दिला.

"हॅलो, धरणावरनं कदम बोलतोय. आमचा काटा हलला मघाशी. भोंगा देऊ का?"

तिनं सरांकडे पाहिलं. सर पडद्याकडे बघत होते.

"सर, काय सांगू?"

"बघ."

आणि त्याच वेळी दुसरी खेप आली.

आधी खालच्या उजव्या कोपऱ्यातली काळवंड भरली. मग तिच्या शेजारची. मग त्या दोन, एकमेकींवर चढलेल्या. मग मधली, मग तिच्या वरची, मग डावीकडच्या. अगदी शेवटी वरच्या कोपऱ्यातली ती एकटी खिडकी. भैरवटोक.

भैरवटोक... बॅटऱ्या बदलायला ती तिथं गेली होती. जीप जिथं थांबते तिथून पुढं सकाळभर चढायचं. आसपास दुसरं गाव नाही. आणि काळवंड दुसऱ्या टोकाला, धरणाच्या पाण्यापलीकडे, जिथं मैदान सुरू होतं. त्या एकमेकींवर चढलेल्या दोघी म्हणजे उंबरखोंड आणि देऊळसडा. मधे फक्त एक ओढा. एका गावातली कोंबडी दुसऱ्या गावात अंडं घालते, असं तिथली म्हातारी सांगत होती.

आणि ती मोकळी जागा... ते धरणाचं पाणी.

रोज सकाळी हा माणूस तिच्यासमोर सगळा मुलूख मांडत होता. आणि ती त्याला पसारा म्हणत होती.

"हॅलो? मॅडम? भोंगा देऊ का?"

भूकंप जवळचा असता तर मधूनच कुठूनतरी फुटला असता आणि चारी बाजूंना पसरला असता. हा एका कोपऱ्यातून शिरत होता आणि समोरच्या कोपऱ्यातून निघून जात होता. उभ्या ज्वारीवरून वारा जावा तसा.

"कदमसाहेब, भोंगा नको," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "लांबचा आहे."

"नक्की?"

सरांनी मान वळवली नाही. मदतीला कुणी नव्हतं... होता तो फक्त पडदा.

"नक्की. आपल्यावरून नुसता पुढं जातोय."

तिकडे कदमांनी सुस्कारा सोडला. फोन ठेवला गेला. शलाका मिळेल त्या खुर्चीत बसली.

"आता कुठं बसतेस," सर म्हणाले. "या घाईघाईनं चालणाऱ्या लाटा होत्या. जड पावलांची मागून येते. जवळ ये."

ती खुर्ची ओढून जवळ गेली. बराच वेळ काही झालं नाही. एकेक तारा. बाहेर वारा, आणि कुठंतरी एक टिटवी.

मग काळवंडची ओळ लांबू लागली. धक्का नव्हता तो. एखाद्यानं खोल श्वास घ्यावा तसे तारे हळूहळू वाढत गेले, पार कडेला टेकले, आणि तितक्याच सावकाश आत आले. तोवर शेजारच्या खिडकीनं श्वास घेतला होता. मग ओढ्याच्या दोन्ही काठांनी. सगळा मुलूख खालच्या कोपऱ्यापासून वरपर्यंत क्रमानं फुगत होता, ओसरत होता, पुन्हा फुगत होता.

मधे एक खिडकी होती, तिचं नाव नुसतं 'सडा'. ते इथलंच यंत्र. याच खोलीच्या मागं पुरलेलं.

लाट त्या खिडकीपाशी येताना दिसली तशी शलाकानं टेबल घट्ट धरलं.

खिडकी भरली. कडेला टेकली. ओसरली.

टेबलावरच्या पेल्यातलं पाणी जागचं हललं नाही. डब्यातली पोळी तशीच. टिटवी ओरडतच होती.

"सर... आत्ता आपण वर उचलले गेलो?"

"गेलो. आणि ठेवलेही गेलो."

"हा डोंगर?"

"डोंगरासकट."

"धरण?"

"त्यातल्या पाण्यासकट."

"उंबरखोंडची शाळा आत्ता भरली असेल."

"पोरांसकट," सर म्हणाले. "पाढे म्हणत असतील."

लाटा येत राहिल्या. दर वेळी मधली खिडकी भरायची आणि दर वेळी तिला वाटायचं, आता तरी अंगाला कळेल. काही कळत नव्हतं. इतकं मोठं काहीतरी इतक्या अलगद तिला उचलून ठेवत होतं, की आईनंही झोपलेल्या पोराला इतक्या अलगद उचललं नसेल.

हळूहळू लाटा बारीक झाल्या. शेवटची भैरवटोकवरून वर गेली आणि पडदा पुन्हा एकेका ताऱ्यावर आला.

"आता ती कुठं जाईल?"

सर उठले. गुडघ्यावर हात ठेवून, जरा कण्हतच. पडद्याच्या वरच्या डाव्या कोपऱ्यावर, जिथून लाट बाहेर पडली होती तिथं, त्यांनी बोट टेकवलं. मग बोट पडद्यावरून उतरवून भिंतीवर नेलं. भिंतीच्या कडेनं चालू लागले. बोट कॅलेंडरवरून गेलं, खिडकीच्या गजांवरून गेलं, दाराच्या चौकटीवरून, माठाच्या गार पोटावरून. सगळ्या खोलीला फेरी घालून ते तिच्या खुर्चीच्या मागून आले. बोट येऊन थांबलं ते पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यावर.

काळवंडपाशी.

"पृथ्वी एवढी आहे," सर म्हणाले.

शलाकाच्या अंगावर काटा आला.

"केव्हा येईल?"

"जेवण होईल. चहा होईल. मग."

"तुम्ही पाहिलीय?"

"पाहिलीय." सरांनी ताटं काढली. "तेव्हा सोबत कुणी नव्हतं."

दोघांनी जेवण केलं. रेडिओवर बातमी आली. आग्नेयेकडच्या महासागरात फार मोठा भूकंप झाला होता. खोल समुद्रात, वस्तीपासून दूर. कुठं जीव गेल्याचं वृत्त नव्हतं. सर डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि त्यांनी ताट उचललं.

शलाका पडद्यासमोर परतली. सरांनी घाईत लावलेल्या त्या खिडक्यांकडे पाहत राहिली.

"सर, या अशाच लावणारी स्क्रिप्ट लिहू? यंत्रांचे अक्षांश-रेखांश आहेत माझ्याकडे."

"लिही की."

"तुम्हाला चालेल?"

"मी कधी नको म्हटलं?"

खरंच, त्यांनी कधीच म्हटलं नव्हतं.

"मग तुम्ही रोज हातानं का लावत होता?"

"एकेका गावाची चौकशी होते तेवढीच," सर म्हणाले. "मला हात लावल्याशिवाय आठवत नाही. तुझं तसं असेलच असं नाही."

तिनं नवी फाईल उघडली. प्रत्येक गावाचं नाव टाईप करताना तिला ते गाव दिसत होतं. काळवंडचा बोडका माळ. जांभळखोऱ्यातली ती विहीर, जिच्या काठावर यंत्र आहे. सर शेजारी बसून मधेच काहीतरी सांगत. इथली माती भुसभुशीत, ही खिडकी नेहमी जरा जास्त बोलते. तिथं खाली काळा कातळ, ती कमी बोलते, पण बोलली तर ऐकायचं. इतके महिने ती ज्याची वाट पाहत होती ते शिकवणं चालू झालं होतं, आणि ते कधी सुरू झालं हे तिच्या लक्षातही आलं नाही.

तिनं स्क्रिप्ट चालवली. साऱ्या खिडक्या मिटल्या आणि एकदम उघडल्या, आपापल्या गावी. उंबरखोंड आणि देऊळसडा एकमेकींवर चढल्या. पूर्वी तिला ते सहन झालं नसतं.

"ओढाच तेवढा मधे," ती म्हणाली.

सर हसले. पुढं झुकून बसले.

चहा झाला. सरांनी एक आज्ञा देऊन यंत्रांची संवेदनशीलता वाढवली. आता अगदी सूक्ष्म हालचालीलाही तारा उमटणार होता. दोघं पडद्याकडे बघत बसली.

ऊन उतरू लागलं तेव्हा भैरवटोकची ओळ किंचित लांबली. वरच्या कोपऱ्यातली. मग तिच्या खालची, मग मधली... लाट उलट्या दिशेनं उतरत होती, वरून खाली, आणि काळवंडपाशी जाऊन विरली.

"सर, ती मागं फिरली?"

"ही ती नव्हे. ही तिची बहीण. ती इकडं निघाली तेव्हा ही तिकडं पाठ करून निघाली होती. लांबच्या वाटेनं आली."

दोघी एकाच जागेवरून, एकाच क्षणी निघालेल्या. मधल्या वेळात हिनं किती समुद्र पायाखाली घातले, किती वाळवंटं, किती शहरं. कुणालाही न उठवता.

"आणि ती?"

"येईल."

खिडकीतून तिरपं ऊन भिंतीवर आलं. चहाचे कप तसेच पडून होते. तिला पापणी लवू द्यायचीही भीती वाटत होती.

पडद्याच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, काळवंडच्या खिडकीत, एका ताऱ्याशेजारी दुसरा तारा आला.

मग तिसरा.

मग शेजारच्या खिडकीत. मग ओढ्याच्या दोन्ही काठांवर. इतकी बारीक, की माहीत नसतं तर दिसली नसती. पण तीच चाल, तोच खोल श्वास, त्याच कोपऱ्यातून त्याच कोपऱ्याकडे. ती सड्यापाशी आली. शलाकानं या वेळी टेबल धरलं नाही. तिनं दोन्ही तळवे उघडे मांडीवर ठेवले आणि लाट आपल्याखालून जाऊ दिली.

तिचे डोळे भरून आले होते.

"परत आली, सर," ती कुजबुजली.

सरांनी मान हलवली.

"परत कुठली? ती तर सरळच चाललीय."